जमिनीचा शून्य

१

वारेबाईचं खरं नाव हजेरीपत्रकात होतं आणि ते तिथेच बरं होतं. हँगरपासून चहाच्या खोलीपर्यंत सगळं खातं तिला वारेबाईच म्हणत असे. काम तसंच होतं ना! दोन इंजिनांच्या छोट्या विमानात मागच्या बाजूला, यंत्राच्या कपाटाला गुडघे टेकवून ती बसे आणि खालचा वारा मोजे.

आता वारा दिसत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण वाऱ्याबरोबर धूळ वाहते. विमानाच्या पोटाला एक जाड काच होती. तिच्यातून लेझरचा किरण तिरका खाली जायचा, धुळीच्या कणांवर आपटून परत यायचा आणि येताना चहाडी करायचा, की अमुक कण आपल्याकडे येतोय, तमुक लांब पळतोय, आणि इतक्या इतक्या वेगाने. एकाच दिशेला बघून वारा कळत नाही, म्हणून वर एक आरसा फिरे. बारा दिशा. प्रत्येक दिशेला एक सेकंद मुक्काम, एक सेकंद प्रवास. चोवीस सेकंदांत एक फेरी पुरी, की विमानापासून जमिनीपर्यंतचा सगळा वारा पडद्यावर हजर.

आणि सगळ्यात खाली जमीन. तिच्यावर किरण आपटला की ठसठशीत उजेड परत येई. जमीन काही हलत नाही, त्यामुळे विमानाचा स्वतःचा वेग वजा केला की तिचा वेग शून्य यायलाच हवा. नाही आला, तर यंत्र खोटं बोलतंय म्हणून समजावं. दर उड्डाणाला विमान वर गेलं की वारेबाई आधी विमानतळाच्या मैदानावर एक फेरी घेई, बारा शून्यं डोळ्यांनी बघे आणि हेडफोनमध्ये सांगे, "जमीन शून्य."

"मग निघू या," पुढून आवाज येई, "की मुहूर्त बघतेस?"

हा आवाज वन्संचा. वन्सं म्हणजे विमानाच्या कप्तान आणि वारेबाईच्या नवऱ्याची थोरली बहीण. नणंद-भावजय एका विमानात! पहिलं वर्षभर खातं डोळ्यांत तेल घालून वाट बघत होतं, आता भांडण होईल, मग होईल. झालं नाही. खात्याची फार निराशा झाली. वन्संच्या शेजारी उपवैमानिक बसे. वायरलेसवर नियमाने जेवढं बोलावं लागतं तेवढंच तो बोले, म्हणून त्याचं नाव मौनीबाबा.

त्या सोमवारी सकाळी दहाला त्यांनी सातवी रेघ धरली. नकाशावर समांतर रेघा आखायच्या आणि दोन हजार मीटर उंचीवरून एकेक उडत जायची, अशी ही मोजणी असते. सातवी रेघ कोरड्या पडलेल्या खाऱ्या तलावाचा कोपरा कापत होती. तलावावर पाच वर्षांत कोणी उडालं नव्हतं. का, ते तिघांनाही माहीत होतं, आणि माहीत असलेली गोष्ट कोणी बोलून दाखवत नव्हतं.

मिठाचा पांढरा काठ खालून सरकला आणि वारा पडला.

वारेबाईने चष्मा सारखा केला. वारा कमी झाला असता तर तिला नवल वाटलं नसतं. पण इथे बाराही दिशांना, वरपासून खालपर्यंत, एकजात शून्य. हवा इतकी गप्प कधी नसते. बंद खोलीतसुद्धा नसते. मग जमिनीचा उजेड आला, पण आला एकशे नव्वद मीटर आधीच. दोन हजारावर हवा होता, आला अठराशे दहावर. आणि त्याचा वेग शून्य नव्हता. आठ होता. सेकंदाला आठ मीटर, वर.

पुढच्या फेरीला सोळाशे वीस. मग तलावाचा कोपरा संपला, वारा पुन्हा वाहू लागला आणि जमीन आपल्या जागी जाऊन गरीब गायीसारखी उभी राहिली.

वारेबाईने शेजारच्या गोल खिडकीतून खाली बघितलं. मीठ होतं, लांब, खाली, नेहमीसारखं.

"काय गं, गप्प का?" वन्संनी विचारलं.

"काही नाही. काच मळली असेल."

२

काच मळली नव्हती. तिने हँगरमध्ये पाठीवर झोपून स्वतः पुसून पाहिली, फडकं जसंच्या तसं पांढरं राहिलं.

मग तिने शहाण्या माणसासारखा विचार केला. पक्ष्यांचा थवा? थवा बाराही दिशांना एकदम नसतो. पातळ ढग? ढगाचा उजेड भुसभुशीत येतो. हा तर दगडावर आपटल्यासारखा आला होता. आरसा अडकला असेल म्हणावं, तर पुढच्या फेऱ्या चोख होत्या. वारेबाईचा देवापेक्षा दुरुस्तीच्या पुस्तकावर जास्त विश्वास. तिने पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळलं. जमीन वर आल्यास काय करावे, असं प्रकरण त्यात नव्हतं.

ती साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे मोजणीचे प्रमुख, माणूस वाईट नाही, पण आलेख सुबक असला की जग सुबक आहे असं समजणारा. त्यांनी पडद्यावर सातवी रेघ बघितली.

"छान आलीय की. कुठे काय आहे?"

"चाळणीने दोन फेऱ्या टाकल्यात, साहेब."

"टाकणारच. चाळणी तुझीच आहे ना? मग आपल्याच लेकरावर संशय कशाला?"

चाळणी तिचीच होती, हे खरं. सात वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने तिने तो हिशेब बसवला होता. नकाशातली जमीन आणि किरणाची जमीन जुळली नाही, की फेरी आपोआप बाहेर. साहेबांच्या पडद्यावर येणारच नाही, विमानातल्या पडद्यावर कच्चे आकडे दिसतील तेवढेच. बाहेर काढलेलं सगळं एका कोपऱ्यात जाऊन पडे, त्या कोपऱ्याला तिने गमतीने नाव दिलं होतं 'भंगार'. सगळ्या खात्याने तिची पाठ थोपटली होती. तेव्हापासून भंगारात कोणी हात घातला नव्हता. तिनेही नाही.

बुधवारी आठवी रेघ झाली. ही तलावात जरा आतून जात होती. वारा पडला. अठराशे दहा. सोळाशे वीस. चौदाशे तीस. मग काठ आला आणि संपलं.

त्या दिवशी उतरताना वारेबाईने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती. धावपट्टीला चाकं टेकली, तेव्हा तिला आधी बरं वाटलं आणि मग त्या बरं वाटण्याचंच भय वाटलं.

उरली होती नववी रेघ. ती तलावाच्या बरोबर मधून जात होती. भावोजी गेले ती हीच रेघ.

३

भावोजी म्हणजे वन्संचे यजमान, खात्यातले सगळ्यात जुने वैमानिक. पाच वर्षांपूर्वी मोजणीसाठी एकच इंजिन असलेलं विमान होतं. त्या दिवशी वारेबाईला ताप होता. भावोजी म्हणाले, "तू झोप, तुझं यंत्र मी चालू करून ठेवतो, त्याला काय बटणच दाबायचंय." आणि एकटेच गेले. नवव्या रेघेवर वायरलेसवर त्यांचं शेवटचं वाक्य आलं, शांत आवाजात: "जमीन वर येतेय."

विमान तलावाच्या मधोमध मोडून पडलेलं सापडलं. भावोजी सापडले नाहीत. मिठाखालच्या चिखलात गेले असतील, म्हणाले लोक. चौकशी समितीने ते एक वाक्य पंचवीस वेळा ऐकलं. उंचीची नोंद बघितली तर दोन हजारांच्या वर. म्हणजे हा माणूस दोन हजार मीटरवर होता आणि म्हणत होता जमीन आली. वर चाकं बाहेर काढलेली! समितीने लिहिलं: 'वैमानिकास उंचीचे भान राहिले नाही. भ्रमात चाके बाहेर काढली. वैमानिकाची चूक.' कॉरिडॉरमध्ये वैमानिकांच्या तसबिरींची रांग होती. तिथून भावोजींची तसबीर निघाली आणि एक रिकामा खिळा राहिला. वन्सं रोज त्या खिळ्यासमोरून जायच्या.

त्या चौकशीत एक कागद वारेबाईचाही होता. विमानातल्या यंत्राची डिस्क शाबूत मिळाली होती. तिने ती चाळणीतून काढली आणि लिहून दिलं: 'शेवटच्या चार मिनिटांत वापरण्याजोगी माहिती नाही.' खाली सही.

बुधवारी दुपारी खोलीचं दार लावून तिने ती डिस्क कपाटाच्या तळातून काढली. पाच वर्षांनी प्रथमच भंगार उघडलं. चार मिनिटं म्हणजे दहा फेऱ्या. दहाच्या दहा तिथे होत्या, आईने बाजूला काढून ठेवलेल्या ताटासारख्या, झाकून, जशाच्या तशा.

अठराशे दहा. सोळाशे वीस. चौदाशे तीस. बाराशे चाळीस.

आकडे तेच होते, एकाचाही फरक नाही. सहाव्या फेरीला भावोजींनी विमान वर खेचलं होतं, उंची वाढत गेली होती. तरी खालचं अंतर दर फेरीला नेमकं एकशे नव्वदने कमीच. ते जितके चढले, तितकीच जमीनही जास्त चढली. नववी फेरी, दोनशे नव्वद. तिथे चाकं बाहेर. दहावी फेरी, शंभर. त्यापुढे काही नाही.

वारेबाईने तोंडावर हात दाबून धरला. बाहेर कोणीतरी चहाला हाक मारत होतं. तिने दहाही आकडे कागदावर उतरवून घेतले.

४

हँगरच्या मागे कपडे बदलायची खोली आहे. वन्सं बाकावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होत्या. वारेबाईने कागद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं, थांबली असती तर पुन्हा सांगता आलं नसतं.

"त्या दिवशीची माहिती होती, वन्सं. माझ्या चाळणीने टाकली. मी उघडून बघितलं नाही आणि सही केली."

वन्संनी नाडी बांधली. सोडली. पुन्हा बांधली.

"पाच वर्षं," त्या म्हणाल्या. "पाच वर्षं मी त्या माणसाच्या बाजूने एकटी भांडले. लोक तोंडावर हो म्हणायचे आणि पाठ फिरली की कीव करायचे. आणि हे सगळं तुझ्या कपाटात होतं. तू माझ्या मागे, हाताच्या अंतरावर बसत होतीस."

"हो."

"रडू नकोस. रडलीस तर कानफटीत देईन."

वारेबाईने नाक पुसलं. वन्सं एकेका आकड्यावर बोट ठेवत खाली गेल्या आणि नवव्यापाशी बोट थांबलं.

"दोनशे नव्वदला चाकं काढली?"

"हो."

"मी पण तिथेच काढली असती." वन्संनी मान वर केली. "अगं, हे पुस्तकातलं उतरणं आहे. घाबरलेला माणूस असं करत नाही. वर जाता येईना, बाजूला वाट दिसेना, तर समोर जी जमीन आहे तिच्यावर नीट उतरायचं. त्यांनी तेच केलं." मग त्यांनी डोळे पुसले, कोणाची परवानगी न घेता. "साहेबांना दाखवलंस?"

"दाखवलं. म्हणाले, जुनी डिस्क, मार लागलेली, पुरावा म्हणून कोणी धरणार नाही."

"मग नवा पुरावा आणू. शुक्रवारी नववी रेघ आहेच आपली."

"वन्सं, ती जमीन..."

"तुला भीती वाटते?"

"वाटते."

"मलाही. पण त्यांच्या नावावरचा डाग तसाच ठेवून मी निवृत्त होणार नाही. तुझी चाळणी काढ. प्रत्येक फेरी जशीच्या तशी थेट साहेबांच्या पडद्यावर पाठव, त्यांना खुर्चीत बसून बघू दे. पोटाखालचा कॅमेरा चालू ठेव. आठ फेऱ्या घ्यायच्या आणि वळायचं. आणि एक लक्षात ठेव. काहीही दिसो, चाकं काढायची नाहीत."

घरी वारेबाईच्या नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि हातातला पेला खाली ठेवला.

"बहीण आणि बायको, दोघीही? निदान एकीने तरी घरी थांबा. कोणी ते भांडून ठरवा."

"भांडण आम्हाला जमत नाही, साऱ्या खात्याला माहीत आहे."

"मौनीबाबाला विचारलंत का?"

"विचारलं."

"काय म्हणाला?"

"तो काय म्हणणार? टोपी घातली."

नवरा हसला, पण झोपेपर्यंत त्याने तिचा हात सोडला नाही.

५

शुक्रवारी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. मैदानावर बारा शून्यं आली. "जमीन शून्य," वारेबाई म्हणाली. वन्संनी मुहूर्ताचं विचारलं नाही.

मिठाचा काठ सरकला. वारा पडला. आता चाळणी नव्हती, त्यामुळे सगळं नागडं उघडं साहेबांच्याही पडद्यावर जात होतं. इंजिनांचा आवाज तोच होता, तरी कानाला तो जवळचा वाटू लागला, गल्लीत शिरलेल्या गाडीचा वाटतो तसा. खालून काहीतरी तो आवाज परतवत होतं.

"अठराशे दहा," वारेबाई मोठ्याने वाचू लागली. "सोळाशे वीस. साहेब, बघताय ना?"

"बघतोय," वायरलेसवर साहेब म्हणाले. "केबल नीट बसलीय ना?"

"केबल बसलीय, साहेब. तुम्ही बसा."

चौदाशे तीस. बाराशे चाळीस. एक हजार पन्नास. वन्संचा उंचीचा काटा दोन हजारच सांगत होता. खिडकीतून बघावं तर मीठ लांबच दिसत होतं. वारेबाईची बुद्धी अजून तिच्याशी भांडत होती. हे यंत्र आहे, यंत्र बिघडतं, कुठेतरी एखादा स्क्रू ढिला असेल. सहावी फेरी, आठशे साठ. सातवी, सहाशे सत्तर. आणि मग पुढे, वन्संच्या समोर, एक छोटा काटा जागा झाला. तो वेगळा, खाली रेडिओ-लहर सोडून अंतर मोजणारा, फक्त उतरायच्या वेळी जागा होतो. तो सहाशे सत्तर दाखवू लागला. वारेबाईच्या यंत्राशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

वारेबाईच्या बुद्धीने तिथे हात टेकले.

"साहेब?" वन्सं म्हणाल्या.

"बघतोय," साहेब म्हणाले. "कप्तान, परत फिरा."

"अजून एक." वन्संचा आवाज थंड होता. "माझ्या माणसाने दहा बघितल्या होत्या."

चारशे ऐंशी. "आठ झाल्या!" वारेबाई ओरडली, आणि वन्संनी विमान उजवीकडे वळवलं. तलावाचा काठ समोर दिसत होता. काठ आला, खालून मागे गेला. पलीकडची पिवळी शेतं सुरू झाली.

वारा आला नाही. बाराही शून्यं तशीच होती. ती जमीन तलावाची नव्हतीच. ती त्यांच्याबरोबर निघाली होती.

वारेबाईने खिडकीतून बघितलं. शेतं लांबच होती. पण विमानाची सावली, नेहमी माशीएवढी दिसणारी, ती आता जवळ होती. मोठी, काळी, कडा धारदार. पंख्यांची वर्तुळंसुद्धा दिसत होती. हवेत, कशावर तरी, ती पडली होती.

६

"दोनशे नव्वद," वारेबाईच्या तोंडून निघालं.

पुढे यंत्रातली बाई एकसुरात सांगू लागली, "जमीन. जमीन." मौनीबाबाचा हात आपसूक चाकांच्या दांड्याकडे गेला. वीस वर्षांची सवय ती. वन्संनी त्या हातावर फाडकन चापट मारली. मौनीबाबाने हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून त्यावर बसला.

"वारेबाई, वाट दाखव," वन्सं म्हणाल्या. "मला काही दिसत नाही. तुलाच दिसेल ते."

दहावी फेरी बाकी होती. ती घेतली की पुरावा पुरा, भावोजींच्या आकड्याशी आकडा जुळता. पण किरण खाली बघत राहिला तर वाट कशी कळणार? खाली काय आहे ते त्यांना कळून चुकलं होतं. वारेबाईने आरशाचा दांडा हाताने पकडला. हे दुरुस्तीच्या पुस्तकात लाल अक्षरांत मना केलेलं होतं. तिने आरसा झुकेल तितका झुकवला. किरण आडवा झाला, लांबवर, बाजूला.

दिशा एक: शून्य. दोन: शून्य. तीन, चार, पाच. सहा: शून्य.

सात: चार मीटर.

"वारा!" ती एवढ्याने किंचाळली की साहेबांनी तिकडे हेडफोन काढला असणार. "वन्सं, सात! सातव्या दिशेला वारा आहे! डावीकडे, मागे, एकदम वळा!"

वन्संनी विमान पंखावर उभं केलं. गोल खिडकी थेट खाली झाली आणि वारेबाईला बघायचं नसतानाही दिसलं. क्षणभर, मोजून दोन श्वास. शंभर मीटर खाली पांढरं सपाट काहीतरी होतं. त्याच्यावर तीन समांतर रेघा होत्या, चाकांच्या. सुरुवातीला पुसट, मग ठळक, सरळ आखल्यासारख्या, आणि एका ठिकाणी संपलेल्या. जिथे त्या संपत होत्या तिथून ठिपक्यांची एक ओळ पुढे गेली होती. डावा, उजवा, डावा, उजवा.

"बघ," वन्संचा आवाज कानात आला. त्या ओरडत नव्हत्या. त्या रडत होत्या आणि हसत होत्या. "बघ, कसं उतरवलंय! एकदाही उसळलेलं नाही. मधोमध. काय उतरवलंय राजाने!"

मग वारा लागला. विमानाला खालून असा दणका बसला की मौनीबाबाची टोपी उडाली. वारेबाईला आयुष्यात इतका गोड दणका बसला नव्हता. पडद्यावर तीन दिशा जिवंत झाल्या, मग सहा, मग बारा. सगळीकडून वारा, धुळीने भरलेला, भांडखोर, रोजचा वारा! सावली घसरत खाली गेली, लहान होत होत शेतावर जाऊन माशीएवढी झाली. यंत्रातली बाई गप्प बसली.

"उंची दोन हजार," मौनीबाबा म्हणाला. आणि नियमात नसलेलं, वीस वर्षांतलं पहिलं वाक्य बोलला: "जिंकलो की हो आपण!"

७

विमान मैदानावर थांबलं तेव्हा साहेब धावपट्टीच्या कडेला येऊन उभे होते, हातात न प्यायलेला चहाचा कप तसाच. आयुष्यात त्यांनी कोणासमोर मान खाली घातली नव्हती, ती वन्संसमोर घातली.

"कप्तान, मी त्या समितीत होतो," ते म्हणाले.

"मला माहीत आहे," वन्सं म्हणाल्या. "म्हणूनच तुमच्या पडद्यावर पाठवलं."

नव्या चौकशीला दोन महिने लागले. नऊ फेऱ्या, जुन्या डिस्कशी आकड्याला आकडा जुळलेल्या. रेडिओ काट्याची नोंद वेगळी. कॅमेऱ्याची छायाचित्रं, ज्यांत विमानाची सावली चौकट भरून पडलेली. वारेबाई समितीसमोर उभी राहिली आणि चाळणीची गोष्ट तिने स्वतःच्या तोंडाने, काही न झाकता सांगितली. शेवटी समितीने आपलंच जुनं वाक्य खोडलं आणि लिहिलं: 'वैमानिकाकडून कोणतीही चूक झालेली नाही. कारण अज्ञात.'

"अज्ञात चालेल," वन्सं म्हणाल्या. "अज्ञाताशी माझं भांडण नव्हतंच."

तसबीर पुन्हा लागली त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये उभं राहायला जागा नव्हती. हँगरचे मेकॅनिक हातातले पाने पत्र्यावर बडवत होते, चहावाल्याने दुकान बंद ठेवलं होतं, मौनीबाबा सलग चार मिनिटं बोलला आणि मग थांबवावा लागला. खिळा तोच होता. वन्संनी तसबीर स्वतः टांगली, मान तिरकी करून बघितली, जरा डावीकडे सरकवली आणि पदराने नव्हे, गणवेशाच्या बाहीने काच पुसली. वारेबाईला त्यांनी सगळ्यांसमोर जवळ ओढलं. ती रडली. कानफटीत बसली नाही.

गर्दी गेल्यावर दोघीच उरल्या, तेव्हा वारेबाई हळूच म्हणाली, "वन्सं, त्या रेघांच्या पुढे..."

"पावलं. बघितली मी."

"छायाचित्रात आलेली नाहीत."

"नसतील." वन्सं तसबिरीकडे बघत राहिल्या. "ते असेच चालायचे, सावकाश. पाय ओढत नव्हते, पळत नव्हते. कुठे गेले ते मला माहीत नाही गं. पण ताठ गेले."

तलावावर आता कोणी उडत नाही. नववी रेघ नकाशावरून काढली. पण नकाशातून काढलं म्हणून काय झालं? ती जमीन त्या दिवशी काठ ओलांडून बरोबर आली होती, हे तिघंही विसरलेले नाहीत. चाळणी वारेबाईने कायमची पुसून टाकली. आता न जुळणाऱ्या फेऱ्याही साहेबांच्या पडद्यावर जातात आणि ती प्रत्येक फेरी स्वतः बघते. साहेब कुरकुर करतात, आलेख घाण दिसतो म्हणतात, पण जपून कुरकुर करतात.

आणि एक नवी रीत पडली. मोजणी संपवून विमान परत येतं, धावपट्टी समोर दिसू लागते, दिवे, पांढरे पट्टे, ओळखीचं गवत, सगळं जागच्या जागी. मौनीबाबाचा हात मांडीवर असतो. चाकांच्या दांड्याला कोणी हात लावत नाही.

"वारेबाई," वन्सं विचारतात, "जमीन?"

वारेबाई घाई करत नाही. ती आरशाला पूर्ण फेरी फिरू देते. एक, दोन, तीन. चोवीस सेकंद विमानात तिघांचाही श्वास ऐकू येतो. दहा, अकरा. बारा.

"शून्य," ती सांगते, आणि दर वेळी तिच्या आवाजात तोच विजय असतो. "आपलीच आहे, वन्सं. उतरा."